राइडिंग मॉवरच्या डेकचं उजवं स्पिंडल दीड वर्षात तिसऱ्यांदा गेलं. ग्रीस कमी पडतंय की जास्त?

लॉनवाला_पौडरोड

नमस्कार मंडळी,

पुण्याजवळ पौड रोडला भूगावच्या पुढे आमचं लग्नाचं लॉन आहे. पावणेदोन एकर हिरवळ, गवत सिलेक्शन वन जातीचं. दोन वर्षांपूर्वी वडिलांनी एक जुनं राइडिंग मॉवर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन, घेतलं. डेक (पाती झाकणारं पोटाखालचं कवच) ४२ इंची, खाली दोन पाती, म्हणजे पाती ज्यांच्यावर फिरतात ती दोन स्पिंडल. आधी ढकलायच्या मशीनवर दोन माणसं दोन दिवस राबायची. आता मी सकाळी साडेसहाला बसतो आणि नऊच्या सुमाराला सगळं लॉन कापून उतरतो. त्यामुळे हे मशीन बंद पडलं की आमचं सगळंच अडतं.

त्रास कायम उजवीकडच्या स्पिंडलला, आणि त्यातही खालच्या बेअरिंगला. पहिल्यांदा गेलं ते गेल्या वर्षी फेब्रुवारीत, ऐन लग्नसराईत. दुसऱ्यांदा दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर. आणि आता गेल्या रविवारी. दर वेळी सुरुवात सारखीच होते. पाती जोडली की आधी बारीक शीळ ऐकू येते, आठवड्याभरात तिची घरघर होते, मग जळक्या रबराचा वास येतो. परवा मशीन बंद करून स्पिंडलच्या बाहेरच्या हाउसिंगला हात लावला तर चटका बसला. डावं हाउसिंग नुसतं कोमट होतं. कापणीतही फरक दिसतो. उजव्या बाजूला गवताची एक पट्टी उंच राहते, लॉनवर आडवं पाहिलं की पायरीसारखी दिसते.

देखभालीत मी हयगय करत नाही. दर शनिवारी ग्रीस भरायच्या दोन्ही निपलना ग्रीसगननं सहा-सात स्ट्रोक मारतो, ग्रीस बाहेर येईपर्यंत. ग्रीस नाना पेठेतून आणलेलं एपी-३. कापून झालं की डेक वर घेऊन खालून प्रेशर वॉशरनं धुतो, कारण पावसाळ्यात ओलं गवत आत चिखलासारखं थापलं जातं. बेअरिंगं बाहेरच्या मेकॅनिकनं बसवली. तो मशीनचा डेक घेऊन जातो आणि संध्याकाळी आणून देतो, त्यामुळे आत काय आहे ते मी अजून पाहिलेलं नाही.

पार्ट मागवून देणारा म्हणतो, अख्खं स्पिंडल बदला, साडेआठ हजार आणि सहा आठवडे. आषाढी झाली, लग्नं थांबली, पण गवत आता आठवड्यात दोनदा कापावं लागतंय. सहा आठवडे थांबलो तर लॉनचं रान होईल. ग्रीस किती द्यायचं, कोणतं द्यायचं, किती दिवसांनी, आणि नुसतं बेअरिंग बदलून भागेल का, एवढं कृपया सांगा.

ग्राउंड_हडपसर

दादा, ते प्रेशर वॉशर आजपासून डेकपासून लांब ठेवा. मी एका शाळेचं क्रिकेटचं मैदान बघतो. आमच्याकडेही आधी असंच धुवायचे. बेअरिंगचं रबरी सील धूळ अडवतं, उडालेले शिंतोडे अडवतं. वीतभर अंतरावरून मारलेली पाण्याची धार त्याला अडवता येत नाही. पाणी एकदा ओठाखालून आत शिरलं की बाहेर यायला त्याला वाट नसते. दोन दिवस मशीन उभं राहिलं की छर्ऱ्यांवर गंज धरतो आणि मग तुम्ही वरून कितीही ग्रीस मारा.

मी काय करतो, कापून झाल्यावर तासभर तसंच ठेवतो. गवत अर्धवट सुकलं की रंगाऱ्यांच्या प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडतो. सोलून आल्यासारखं निघतं. उरलेलं ब्लोअरनं उडवतो. पाणी लागतच नाही.

दुसरं, पात्याला धार लावल्यावर तोल बघता का? भिंतीत एक खिळा आडवा ठोका, पात्याचं मधलं भोक त्यात अडकवा. पातं आडवं राहिलं तर बरोबर. एक बाजू खाली गेली तर तिकडून अजून घासायचं, पण धारेवर नाही, मागच्या बाजूनं.

लेथवर_चाळीस_वर्षं

मी भोसरी एमआयडीसीत चाळीस वर्षं लेथवर काढली, आता घरी असतो. शॉपमध्ये बेअरिंग काढणं-बसवणं रोजचं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुझ्या लिहिण्यावरून तू माझ्या मुलाच्या वयाचा वाटतोस, म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

'ग्रीस बाहेर येईपर्यंत' या तुझ्या शब्दांपाशी मी थांबलो. कुठून बाहेर येतं ते तू लिहिलेलं नाहीस. त्यावरच सगळं आहे.

स्पिंडल आतून कसं असतं ते बघ. बिडाचं किंवा अॅल्युमिनियमचं हाउसिंग, त्यात वर एक आणि खाली एक अशी दोन बेअरिंगं, मध्ये पोकळी. त्या पोकळीत हाउसिंगच्या बाजूनं निपल उघडतं. म्हणजे गननं मारलेलं ग्रीस पोकळीत जातं, बेअरिंगमध्ये नाही. आता मेकॅनिकनं जर बाजारातलं नेहमीचं, दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं बेअरिंग बसवलं असेल, आणि बहुधा तेच बसवलं असणार, तर पोकळीतल्या ग्रीसला आत जायला दारच नाही. बेअरिंग कारखान्यात भरलेल्या स्वतःच्या चिमूटभर ग्रीसवरच चालतं. तू दर शनिवारी त्या बंद दारावर सहा-सात स्ट्रोक दाब देतोस. हाताच्या ग्रीसगनचा दाब काही हजार पीएसआयपर्यंत जातो. एवढ्या दाबाखाली सील आधी आत वाकतं, मग कुठेतरी जागा सोडतं. ग्रीस बाहेर आलेलं तुला दिसतं आणि तुला वाटतं काम झालं. प्रत्यक्षात तू सील फोडलेलं असतंस. त्यानंतर त्याच वाटेनं पाणी आत.

म्हणून आधी उघड. नवीन काही विकत घेऊ नकोस, मेकॅनिकला बोलावू नकोस. स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला बांध, चावी खिशात ठेव, डेक खाली उतरवून बाहेर ओढ. नुसत्या जॅकवर मशीन उचलून त्याच्याखाली हात घालायचा नाही. पातं सोडवताना ते फिरू नये म्हणून डेक आणि पात्याच्या मध्ये लाकडाचा ठोकळा घाल, हातात जाड मोजे. बेल्ट काढलास की दोन्ही पुल्या हातानं फिरवून बघ. डावी आणि उजवी यातला फरक तुझ्या बोटांना लगेच कळेल. मग पात्याचं टोक धरून वर-खाली हलव. चांगल्या स्पिंडलला हलायला जागाच नसते.

बेअरिंग बाहेर आलं की फेकून देऊ नकोस. फडक्यावर ठेव, सील उचकट आणि नीट बघ. आत तांबूस चिखल असेल तर पाणी. छर्ऱ्यांवर निळसर किंवा गवतासारखी पिवळट झाक असेल तर उष्णता. रेसवर, म्हणजे छर्रे ज्या खाचेतून धावतात तिच्यात, त्यांची वाट मधोमध न दिसता एका कडेला सरकलेली असेल तर त्याच्यावर शाफ्टच्या लांबीच्या दिशेनं ताण होता. गेलेलं बेअरिंग बघितल्याशिवाय नवं बसवणारा माणूस तेच काम परत करायला येतो, हे मी शॉपमधल्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो.

आणि हडपसरवाल्यांनी तोलाचं सांगितलं ते मनावर घे. तुझं पातं साधारण २१ इंच असेल. मिनिटाला तीन हजार फेरे धरले तर त्याचं टोक ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगानं फिरतं. टोकाजवळ, मध्यापासून पंचवीस सेंटिमीटरवर, एका बाजूला फक्त दहा ग्रॅम वजन जास्त असलं तर बेअरिंगवर पंचवीस किलोचा ओढा पडतो, आणि तो सेकंदाला पन्नास वेळा दिशा बदलतो. दहा ग्रॅम म्हणजे जेमतेम दोन-अडीच चमचे साखर.

उघडल्यावर लिही.

लॉनवाला_पौडरोड

काका, तुम्ही 'तू'च म्हणा. आज सकाळी पाऊस उघडला होता, उघडून बसलो. तुम्ही म्हणालात ते एकेक खरं निघालं, आणि एक अशी गोष्ट निघाली जी मला कधीच सुचली नसती.

उजवं पातं काढलं. पात्याच्या वर, बेअरिंगच्या अगदी खाली, शाफ्टभोवती एक काळी कडक चकती होती. जाडीला बोटाच्या पेराएवढी. मला वाटलं ती मशीनचाच भाग आहे, वॉशर असेल. स्क्रू ड्रायव्हरनं टोचली तर रबरासारखी दबली. पेपर कटरनं उभी कापली आणि बादलीत टाकून उलगडायला लागलो. दोरा. हारांचा पांढरा नायलॉनचा दोरा, वारावर वार गुंडाळलेला, मध्येमध्ये वितळून एकजीव झालेला. त्यात फुग्यांना बांधतात ती सोनेरी रिबन, तोरणाची जर, आणि एका ठिकाणी झेंडूचं देठ तसंच्या तसं अडकलेलं. लग्न झाल्यावर आम्ही हार, पत्रावळ्या, कागद सगळं उचलतो. पण गवतात रुतलेला दोरा दिसत नाही. तो पात्याच्या वाऱ्यानं वर ओढला जातो आणि शाफ्टला गुंडाळतो. त्या चकतीनं खालचं सील घासून घासून त्याचा ओठ पार गेला होता. सीलच्या जागी नुसतं पत्र्याचं कडं उरलं होतं.

बेअरिंग ६२०३, दोन्ही बाजूंनी सीलचं. आतल्या बाजूचं सील आत दबलेलं, वाकडं. पोकळी मात्र एपी-३ नं गच्च भरलेली, इतकं स्वच्छ ग्रीस की डब्यातून आत्ताच काढल्यासारखं. आणि त्याला चिकटून असलेल्या बेअरिंगच्या आत तांबडा चिखल. दोन्हींच्या मध्ये फक्त एक रबराची चकती. ते बघून काका, मला फार वाईट वाटलं. दीड वर्ष दर शनिवारी मी जे करत होतो त्यातलं काहीच पोहोचत नव्हतं.

छर्ऱ्यांची वाट कडेला सरकलेली आहे, तुम्ही म्हणालात तशी. वरच्या बेअरिंगमध्येही ती खालच्या कडेला आहे. याचा अर्थ काय?

आणि डावं स्पिंडलही उघडलं. त्यात दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळीसारखा तुकडा आहे, शाफ्टवर सैल बसणारा. उजव्यात तो नाहीच. मेकॅनिकला फोन केला. म्हणाला, 'असं काही नव्हतं.'

लेथवर_चाळीस_वर्षं

सापडलं. दोरा आणि पाणी ही दोन कारणं होतीच, पण तिसऱ्यांदा इतक्या लवकर जायचं कारण ती नळी आहे. तिला स्पेसर म्हणतात.

पात्याचा नट तू आवळतोस तेव्हा पुली, वरच्या बेअरिंगची आतली रिंग, स्पेसर, खालच्या बेअरिंगची आतली रिंग आणि पातं अशी सगळी उतरंड एकमेकांवर घट्ट बसते. नटाचा सगळा जोर स्पेसर खातो. स्पेसर नसेल तर तोच जोर दोन्ही आतल्या रिंगांना एकमेकींकडे ओढतो. बाहेरच्या रिंगा हाउसिंगमध्ये जागच्या जागी आहेत, त्या सरकणार नाहीत. मग मधले छर्रे तिरके दाबले जातात. वरचं बेअरिंग खालच्या कडेला आणि खालचं वरच्या कडेला. तू लिहिलेली खूण तीच. अशा बेअरिंगला तू सोन्याचं ग्रीस भरलंस तरी ते तापणारच. मेकॅनिकनं नट चांगला ताकदीनं आवळला असणार, आणि चांगलं आवळणं हेच इथे घातक ठरलं.

आता काम. डाव्या बाजूचा स्पेसर घेऊन कोणत्याही लेथवाल्याकडे जा. कोथरूडला किंवा शिवण्यात छोटी वर्कशॉप भरपूर आहेत, त्यासाठी भोसरीला यायला नको. ईएन-८ पोलादाच्या बारमधून तसाच करून घे. आतला व्यास शाफ्टवर सैल सरकेल इतका, बाहेरचा व्यास फक्त आतल्या रिंगवर टेकेल इतका. दोन्ही तोंडं समांतर हवीत, हे टर्नरला तोंडानं सांग, कारण घाईत तुकडा कापून देतात आणि एक तोंड तिरकं राहतं. लांबीसाठी डाव्या स्पेसरवर आंधळेपणानं विसंबू नकोस. उजव्या हाउसिंगमध्ये बेअरिंग ज्या दोन खांद्यांवर टेकतात त्यांच्यातलं अंतर व्हर्नियरनं मोज. स्पेसर त्यापेक्षा अगदी किंचित, मिलिमीटरचा विसावा भाग म्हण, लांब हवा. आखूड तर मुळीच नको.

बसवताना एक बेअरिंग खांद्याला टेकेपर्यंत पूर्ण आत. मग शाफ्ट आणि स्पेसर. दुसरं बेअरिंग त्याची आतली रिंग स्पेसरला टेकेपर्यंतच. तिथे हाताला कळतं, ठोक्याचा आवाज बदलतो. त्यापुढे एकही ठोका नाही. हाउसिंगमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायचा. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग घासून किंचित बारीक केली की तीच बसवायला उत्तम कडं होते. हातोडीनं थेट आतल्या रिंगवर मारलंस तर छर्ऱ्यांचे ठसे रेसवर उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं. तुझं हाउसिंग अॅल्युमिनियमचं असेल तर हॉट एअर गननं ते गरम कर, बेअरिंग पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेव. निम्मं काम आपोआप होतं, मारामारी लागत नाही.

बेअरिंग बिल घेऊन अधिकृत विक्रेत्याकडूनच घे. एसकेएफचा कारखाना आपल्या चिंचवडला आहे, आणि चिंचवड-भोसरीत चांगल्या कंपन्यांचे विक्रेते सहज सापडतात. ६२०३ काही महाग वस्तू नाही. शंभर रुपये वाचवायला नकली डबी घेऊ नकोस.

आता ग्रीस, तुझा मूळ प्रश्न. दोन रस्ते आहेत. पहिला, दोन्ही सील तशीच ठेवायची आणि निपल विसरून जायचं. बेअरिंग त्याच्या आतल्या ग्रीसवर चालेल, जाईल तेव्हा बदलायचं. कोरड्या जागी हे पुरतं. दुसरा, दोन्ही बेअरिंगांचं पोकळीकडचं सील काढून टाकायचं, बाहेरचं तसंच ठेवायचं. मग निपलमधून दिलेलं ग्रीस खरंच छर्ऱ्यांपर्यंत जातं. तुझ्याकडे दव, पाऊस, ओलं गवत आहे, मी असतो तर दुसरा रस्ता धरला असता.

सील काढायला शिवणाची जाड सुई पुरते. ओठाच्या आतल्या कडेला घालून उचल, छर्ऱ्यांच्या पिंजऱ्याला टोक लागू देऊ नकोस. आतलं कारखान्याचं ग्रीस डिझेलमध्ये धुऊन काढ आणि सावलीत वाळू दे. हवेच्या नळीनं बेअरिंग गरगरा फिरवू नकोस, कोरडं बेअरिंग तसं फिरवलं की खराब होतं. ग्रीस धुवायचं कारण असं की सीलबंद बेअरिंगांमध्ये बऱ्याचदा पॉलियुरियाचं ग्रीस असतं, आणि ते लिथियमच्या ग्रीसमध्ये मिसळलं की पुष्कळदा पातळ होऊन वाहून जातं.

एपी-३ ट्रकच्या चाकासाठी ठीक आहे, इथे ते घट्ट पडतं. दोन नंबरचं लिथियम कॉम्प्लेक्स घे, डब्यावर एनएलजीआय २ लिहिलेलं असतं, तो घट्टपणाचा नंबर. एकदा एक ठरवलं की तेच ठेव. बोटानं छर्ऱ्यांच्या मध्ये दाबून भर, दुसऱ्या बाजूनं थोडं दिसेपर्यंत. पोकळी दोन तृतीयांश भर. मग दर पंचवीस तासांनी निपलला एक, फार तर दोन स्ट्रोक, पातं हातानं हळूहळू फिरवत. हाताला दाब जाणवला की तिथेच थांबायचं. बाहेर येईपर्यंत कधीच नाही. निपलचं तोंड आधी फडक्यानं पुसायचं, नाहीतर सगळ्यात पहिला माल आत जातो तो तोंडावरच्या मातीचा.

दौंडची_बाग

काकांनी लिहिलंय त्यात भर घालायची नाही, एक सावधगिरी सांगतो, कारण आम्ही तिच्यात फसलोय. परदेशी मशीनचं बेअरिंग बाहेरून ६२०३ सारखं दिसलं तरी शाफ्ट मोजल्याशिवाय ६२०३ मागू नका. ६२०३ म्हणजे आतलं भोक १७ मिमी, बाहेरचा व्यास ४०, जाडी १२. पण अमेरिकी मॉवरांमध्ये बाहेरून तंतोतंत तेवढंच आणि आतून पाच अष्टमांश इंचाचं, म्हणजे १५.८७५ मिमीचं बेअरिंग पुष्कळ ठिकाणी असतं. आमच्या डाळिंबाच्या बागेत ओळींमधलं गवत कापायला असंच मशीन आहे. गावातल्या फिटरनं १७ चं बेअरिंग आणलं, शाफ्ट सैल झाला, तर मध्ये पत्र्याची पट्टी गुंडाळून दिली. मशीन चाललं चार दिवस. पाचव्या दिवशी शाफ्टलाच खाच पडली, तो नवा करावा लागला. व्हर्नियर नसेल तर दुकानात शाफ्ट सोबत घेऊन जा. बेअरिंग शाफ्टवर हातानं, न डगमगता, सरकलं पाहिजे.

लॉनवाला_पौडरोड

दौंडचे दादा, तुमचं वाचून आधी शाफ्ट मोजला. १६.९८ भरला, म्हणजे १७ चाच आहे. सुटलो.

शिवण्यातल्या एका टर्नरकाकांनी समोर उभं राहून स्पेसर करून दिला. खांद्यांमधलं अंतर आणि डावा स्पेसर यांच्यात खरोखरच फरक निघाला, म्हणून उजव्याच्या मापाचा केला. तोंडं समांतर हवीत म्हटल्यावर त्यांनी दोन्ही तोंडं एकाच पकडीत केली नाहीत, एक करून मँड्रेलवर (तुकडा आतून धरणाऱ्या दांड्यावर) उलटा लावून दुसरं घेतलं. लेथ काका, तुम्हाला हे आवडेल म्हणून लिहितोय.

बेअरिंग चार घेतली, दोन्ही बाजूंसाठी. आतल्या बाजूची सील आईच्या गोधडीच्या सुईनं काढली. उजवं स्पिंडल जुळवून नट आवळला आणि पुली बोटानं ढकलली. ती फिरत राहिली, आवाज न करता. तशीच डावी. इतकी वर्षं... म्हणजे दोनच, पण मशीन असं फिरतं हे मला आत्ता कळलं.

पाती धार लावणाऱ्याकडून आणली तेव्हा खिळ्यावर टांगली. एक पातं लगेच खाली झुकलं. तराजूवर वजन दोन्हींचं जवळपास सारखंच होतं, म्हणजे नुसतं वजन करून चालत नाही, टांगूनच बघावं लागतं.

एक शंका राहिली. दोऱ्याचं काय करू? लग्नं तुळशीच्या लग्नानंतर परत सुरू होतील. प्रत्येक वेळी डेक उतरवणं शक्य नाही.

ग्राउंड_हडपसर

डेक उतरवायला नको. आठवड्यातून एकदा प्लगची वायर काढून डेक सगळ्यात वरच्या खाचेत घ्या, पुढची चाकं रॅम्पवर चढवा आणि टॉर्च लावून पात्याच्या वर, शाफ्टच्या मुळाशी बघा. मोजे घालून. दोरा गुंडाळायला लागतो तेव्हा पहिले दोन-चार वेढे मऊ असतात, आकड्यानं ओढले की निघतात. वितळून कडक व्हायला बरेच दिवस लागतात.

आमच्या मैदानावर खेळाडू पट्ट्या, चिकटपट्टी टाकतात, त्यामुळे कापायच्या आधी एक फेरी चालत मारायचा नियम आहे. तुमच्या लॉनवर लोखंडी दात्यांचा दाताळ फिरवा. हलका, गवताचं मूळ उखडू नये असा. हार-तोरणांचा दोरा दातांत अडकून वर येतो.

लेथवर_चाळीस_वर्षं

टर्नर चांगला भेटला तुला, त्याचा नंबर जपून ठेव.

पहिले दहा तास झाल्यावर नट परत तपासायचा. नवीन स्पेसर आणि रिंगा एकमेकींवर बसतात तेव्हा किंचित सैल पडू शकतो. मॅन्युअलमध्ये तुझ्या मशीनचा टॉर्क, म्हणजे नट किती जोरानं आवळायचा ते, दिलेला असेल, तेवढाच, टॉर्कच्या पान्यानं. आणि दर वेळी कापून उतरलास की दोन्ही हाउसिंगना हात लाव. दोन्ही सारखीच कोमट हवीत. एक जरी दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागलं तर शीळ ऐकू यायची वाट बघायची नाही.

बेल्टचा ताणही बघ. फार घट्ट बेल्ट वरच्या बेअरिंगला सतत एका बाजूला ओढतो.

लॉनवाला_पौडरोड

बारा तास झाले. नट पाव फेरासुद्धा फिरला नाही, मापावर होता तिथेच आहे. बेल्टचं स्प्रिंग कुणीतरी एक खाच पुढे अडकवलं होतं, ते मॅन्युअलमधल्या खाचेत आणलं. आज कापून उतरल्यावर दोन्ही हाउसिंगना एकेक हात लावून बसलो. डावं आणि उजवं सारखं. पायरीसारखी पट्टी गेली. वडील सकाळी चहा घेऊन लॉनवर आले होते, कोपऱ्यात उभं राहून आडवं बघितलं आणि म्हणाले, 'आता एकसारखं दिसतंय.'

प्रेशर वॉशर गुंडाळून माळ्यावर टाकला आहे. रंगाऱ्याची पट्टी डेकशेजारी खुंटीला टांगली आहे, आणि तिच्या शेजारी एक वही. तिच्यात तास लिहितो. पंचवीस भरले की एक स्ट्रोक, पातं फिरवत. मागच्या पानावर काढलेल्या बेअरिंगचं सील चिकटवून ठेवलंय, लॉनवर कामाला येणाऱ्या दोन पोरांना दाखवायला. दाताळाची ऑर्डर लोहाराकडे दिली आहे. तुळशीच्या लग्नानंतर पहिली दोन लग्नं झाली की शाफ्टच्या मुळाशी काय सापडलं ते इथेच लिहीन.